शय्याव्रण-प्रतिबंध : परिधेय यंत्रे व कृत्रिम बुद्धिमत्ता

दीर्घकाळ एकाच कुशीवर पडून राहणाऱ्या रोग्याच्या माकडहाड, खुबा, टाच अशा उंचवट्याच्या अस्थिभागांवर अखंड दाब पडून तेथील सूक्ष्म रक्तवाहिन्या चेपल्या गेल्या म्हणजे त्वचा व तिच्याखालचे मांस मरून जो व्रण उद्भवतो, तो शय्याव्रण, बोलीत बेडसोर. १९३० मध्ये संशोधक लँडिस याने केशवाहिनीच्या धमनीकडील टोकाशी सुमारे ३२ मिलिमीटर पारा इतका दाब मोजला, व पुढे दाब मोजणाऱ्या बहुतेक उपकरणांनी हाच आकडा, काहीसा भाबडेपणाने, हद्द म्हणून स्वीकारला; वस्तुतः १९५९ मध्ये कोसियाक याने दाखविल्याप्रमाणे थोडा दाब पुष्कळ वेळ आणि पुष्कळ दाब थोडा वेळ, दोन्ही सारखेच घातक असतात.

प्रतिबंधाचा मूळ उपाय मानवी आहे. १९४४ पासून इंग्लंडातील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात डॉक्टर गुटमान यांनी मज्जारज्जू दुखावलेल्या सैनिकांस दर दोन तासांनी कूस पालटविण्याची शिस्त अंमलात आणली. तिच्या जोडीला १९८७ मध्ये ब्रेडन व बर्गस्ट्रॉम यांची संवेदना, ओलावा, हालचाल, चलनक्षमता, पोषण व घर्षण या सहा बाबींवरून धोका मोजणारी श्रेणी आली. परंतु मध्यरात्रीनंतर ही शिस्त पाळली गेली की केवळ नोंदवहीत भरली गेली, हे सांगणारा साक्षीदार नव्हता. ती जागा परिधेय यंत्राने घेतली.

छातीवर चिकटविलेला लहानसा त्वरणमापक देहाचा कल क्षणोक्षणी टिपतो आणि कूस न पालटल्यास परिचारिकेस इशारा देतो. स्टॅनफर्ड येथील अतिदक्षता विभागातील १,३१२ रोग्यांवरील, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वेळेवर कूस पालटण्याचे प्रमाण यंत्राच्या इशाऱ्याविना ५४ व इशाऱ्यासह ६७ टक्के, तर व्रणांचे प्रमाण अनुक्रमे २.३ व ०.७ टक्के आढळले. मात्र छातीवरच्या यंत्रास टाच दिसत नाही. तिच्यासाठी संवेदकयुक्त गादी अथवा त्वचेखालील ओलावा मोजणारे उपकरण लागते. या सर्व प्रवाहांतून व रुग्णाच्या दप्तरातून धोक्याचा अदमास बांधणे हे कृत्रिम बुद्धिमत्तेचे काम. तिची शिकवणी गोऱ्या त्वचेच्या चित्रांवर झाली असेल, तर सावळ्या कातडीवर पहिल्या अवस्थेतील लाली ओळखताना ती फसते. तशी डोळ्यांनी पाहणारी परिचारिकाही फसते, म्हणून तेथे स्पर्शाने उष्णता व कठीणपणा पारखावा लागतो.

दाबाने होणारा व्रण केवळ शय्येवरच होतो असे नाही. महाराष्ट्रातील वर्धा जिल्ह्यास संवेदनाहीन अवयवाच्या व्रणांचा परिचय जुना आहे: १९३६ मध्ये मनोहरजी दिवाण यांनी दत्तपूर येथे कुष्ठधाम उभारले, आणि बधिर तळव्यावरील व्रणामागेही वेदनेचा इशारा न मिळता वारंवार पडणारा दाबच असतो. शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी वेल्लूर येथे अशा पायांसाठी मऊ रबरी पादत्राणांवर भर दिला. आजचे संवेदकयुक्त तळवे त्याच विचाराचे वंशज होत.

याच जिल्ह्यातील, नागपूर-अमरावती महामार्गावरील कारंजा (घाडगे) या तालुक्याच्या ठिकाणी मात्र प्रश्नाचे स्वरूप निराळे आहे. पक्षाघाताचा अथवा पाठीचा कणा मोडलेला रोगी सेवाग्राम, सावंगी किंवा नागपूर येथील मोठ्या रुग्णालयांतून सुटी होऊन घरी येतो, आणि पुढचे महिने त्याची सून, पत्नी अथवा म्हातारी आई त्यास बाजेवर सांभाळते. दवाखान्यातील संवेदकाचा इशारा परिचारिकेच्या पटलावर उमटतो. येथे तो जिच्यापर्यंत पोचावयाचा ती सोयाबीनच्या शेतात किंवा संत्र्याच्या बागेत मजुरीवर गेलेली असते, आणि घरी असली तरी अंगाने भारी रोग्यास एकटीने वळविणे तिला झेपत नाही. सबब अशा घरांत वळविण्याची रीत शिकविणे, टाचा उशीने अधांतरी ठेवणे, ओलावा पुसणे, प्रथिनयुक्त आहार देणे व दाब विभागणारी गादी पुरविणे ही तजवीज आधी, आणि यंत्र नंतर, असा क्रम ठेवणे भाग आहे. व यंत्र आणावयाचेच तर ते वीज व मोबाइलचे जाळे खंडित असताही चालणारे, मराठीत बोलणारे आणि शेजाऱ्याच्या मोबाइलवरही इशारा धाडणारे असावे.