इंधनदाब आणि शर्यतीचे इंजिन : हिलबॉर्न प्रणालीचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना
मोटारीच्या इतिहासात इंजिनाचा आकार व वेग यांची चर्चा विपुल झाली आहे. त्या मानाने इंधनाच्या दाबाचा विचार क्वचितच आढळतो. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत विकसित झालेल्या हिलबॉर्न प्रणालीच्या आधारे या दुर्लक्षित अंगाचा विचार करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

उगम व कार्यपद्धती
स्टुअर्ट हिलबॉर्न (1917-2013) यांनी कॅलिफोर्नियातील कोरड्या सरोवरांवरील वेगस्पर्धांसाठी कार्बोरेटरऐवजी यांत्रिक इंधन-अंतःक्षेपणाचा अवलंब केला. 1948 मध्ये त्यांच्या फोर्ड व्ही-8 इंजिनाच्या गाडीने तेथे ताशी 150 मैलांची मर्यादा ओलांडली. या प्रणालीतील पंप इंजिनावरच चालतो. त्यामुळे इंजिनाचा वेग दुप्पट झाला की इंधनही दुप्पट येते. नोझलमधील प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असल्याने या दुप्पट प्रवाहासाठी दाब मात्र चौपट होतो.

पंप गरजेपेक्षा अधिक इंधन पुरवतो व उरलेले इंधन एका लहान छिद्राच्या जेटमधून टाकीकडे परतते. छिद्र मोठे केल्यास नोझलवरील दाब घटून मिश्रण विरळ होते. लहान केल्यास दाब वाढून ते समृद्ध होते. उष्ण दिवशी वा उंचावरील मैदानावर हवा विरळ असते. म्हणून तेथे मोठ्या छिद्राचा जेट लागतो.

कारागिराची कसोटी
अत्युच्च वेगात इंजिनाचे श्वसन मंदावते, पंपाचा प्रवाह मात्र वाढतच राहतो. यावर ठरावीक दाबाला उघडणारी स्प्रिंगची झडप हा उपाय होता. अंदाज चुकून मिश्रण अति विरळ झाले, तर पिस्टन वितळण्याचा धोका असे. अति समृद्ध झाले, तर शक्ती घटे. एका लहानशा छिद्राच्या निवडीवर संपूर्ण इंजिनाचे भवितव्य अवलंबून असे. इंडियानापोलिस येथे बिल वुकोविच यांनी 1953 व 1954 मध्ये मिळविलेल्या विजयांतील गाडीचे नावच 'फ्युएल इंजेक्शन स्पेशल' होते.

समारोप
1967 मध्ये बॉशच्या डी-जेट्रॉनिक प्रणालीने दिशा बदलली. दाब स्थिर ठेवून नोझल किती वेळ उघडे राहावे, हे इलेक्ट्रॉनिक यंत्रणा ठरवू लागली. अचूकता वाढली, परंतु हवामान, उंची व यंत्र यांचा मेळ स्वतः घालणाऱ्या कारागिराचा निर्णय त्या यंत्रणेत विलीन झाला. तंत्रज्ञानाचा इतिहास केवळ शोधांचा नसून, अशा निर्णयांच्या हस्तांतराचाही आहे. म्हणूनच कार्यशाळेतील अनुभवजन्य ज्ञानाची नोंद घेतल्याशिवाय तो पूर्ण होत नाही, असा निष्कर्ष निघतो.