नांवनिशीची राखण

जुन्या काळीं गांवोगांवीं कुलकर्ण्याचें दप्तर असे. शेत कसणारा निराळा, सारा भरून घेणारा निराळा, तंटा तोडणारा निराळा. परंतु कोणाची जमीन कोठें आणि कोणाचा हक्क कोणता, हें सांगणारें दप्तर जागेवर नसेल तर या सर्वांचाच कारभार अडून बसे. आणि मौज अशी कीं, दप्तर नीट असेपर्यंत तें राखणाराची आठवण कोणासही होत नसे. जगभर पसरलेल्या इंटरनेटलाही आरंभीं असेंच एक दप्तर लागलें. तें सुमारें सतरा वर्षें एलिझाबेथ फाइनलर नांवाच्या अमेरिकन बाईंनीं राखिलें. संगणकाच्या धंद्यांत कित्येकांनीं अमाप संपत्ति जोडली. फाइनलरबाईंनीं मात्र आपल्या उमेदीचा काळ नफ्यासाठीं न निघालेल्या एका संस्थेंत घालविला. त्या कामाचें मोल काय, हा प्रश्न त्यांच्या निवृत्तीनंतरही सुटला नाहीं. उलट २०१९-२० सालीं तो पुन्हां साऱ्या जगापुढें उभा राहिला.

फाइनलरबाईंचा जन्म १९३१ सालीं वेस्ट व्हर्जिनिया संस्थानांतील व्हीलिंग गांवीं झाला. घरीं त्यांना 'बेटी जो' म्हणावयाचें ठरलें होतें. परंतु दोन वर्षांच्या थोरल्या बहिणीच्या तोंडीं तें 'बेबी जेक' असें उमटलें, आणि 'जेक' हेंच नांव जन्मभर टिकलें. पुढें हजारों यंत्रांच्या नांवांचा हिशेब ठेवणाऱ्या बाईंचें स्वतःचें नांव असें बोबड्या बोलांतून पडलें! त्यांच्या कुटुंबांतून महाविद्यालयांत गेलेल्या त्या पहिल्याच. रसायनशास्त्राची पदवी घेऊन त्या पर्ड्यू विद्यापीठांत जीवरसायनाचा अभ्यास करूं लागल्या. प्रबंध लिहिण्यापूर्वीं थोडी पैशाची बेगमी व्हावी म्हणून वर्ष-दोन वर्षें नोकरी करण्याचें त्यांनीं योजिलें, आणि ओहायोंतील कोलंबस शहरीं 'केमिकल ॲब्स्ट्रॅक्ट्स सर्व्हिस' या संस्थेंत त्या दाखल झाल्या. जगांत प्रसिद्ध होणाऱ्या रसायनविषयक लेखनाचे गोषवारे काढून त्यांच्या सूची करणें, हें तेथील काम. एवढा अफाट ज्ञानसंभार कसा लावून ठेवावा म्हणजे हवी ती गोष्ट हव्या त्या वेळीं हातीं लागेल, या कोड्यानें त्यांना असें वेड लाविलें कीं, प्रबंध राहिला तो राहिलाच.

१९६० सालीं त्या कॅलिफोर्नियांत मेन्लो पार्क येथें 'स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट' या संस्थेंत आल्या. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या विश्वस्तांनीं १९४६ सालीं ती स्थापिली होती. नफा वांटून घेणारे भागीदार तेथें नव्हते. सरकार व कारखानदार यांजकडून संशोधनाचीं कामें घ्यावयाचीं आणि त्यांवर संस्था चालवावयाची, असा प्रघात होता. याच संस्थेंत डग्लस एंगलबार्ट हे संगणक माणसाच्या बुद्धीला कसा हातभार लावील, याचे प्रयोग करीत होते. २९ ऑक्टोबर १९६९ रोजीं लॉस एंजेलिस येथील विद्यापीठांतून या संस्थेंतील यंत्राकडे तारेनें एक शब्द पाठविण्यांत आला. शब्द होता 'लॉगिन'. पहिलीं दोन अक्षरें पोंचलीं आणि यंत्र बंद पडलें. 'आर्पानेट' नांवाच्या जाळ्याचा जन्म हा असा अडखळत झाला.

१९७२ सालीं एंगलबार्टांनीं फाइनलरबाईंना एक विचित्र काम सांगितलें. ऑक्टोबर महिन्यांत वॉशिंग्टन येथें या जाळ्याचें जाहीर प्रात्यक्षिक व्हावयाचें होतें. त्याकरितां त्याची एक साधनपुस्तिका हवी होती. साधनपुस्तिका म्हणजे काय, असें बाईंनीं विचारिलें. आपणांसही नीटसें ठाऊक नाहीं, पण सहा आठवड्यांत ती पाहिजे, असें उत्तर मिळालें. बाई संगणक बांधणाऱ्या नव्हत्या. परंतु माहिती कोठून व कशी काढावी हें त्यांस पक्कें ठाऊक होतें. त्यांनीं ठिकठिकाणच्या प्रयोगशाळांशीं संधान बांधून तुमच्याकडे कोणतें यंत्र, त्यावर काय चालतें, अडचण आल्यास कोणास विचारावें, हें एकत्र केलें आणि पुस्तिका सिद्ध झाली. यंत्रें एकमेकांस जोडणारे पुष्कळ होते. माणसें एकमेकांस सांपडतील अशी तजवीज या पुस्तिकेनें केली.

१९७४ पासून जाळ्याच्या माहिती-केंद्राची धुरा त्यांच्याकडे आली. खर्च अमेरिकेच्या संरक्षण खात्याचा, कारभार संस्थेचा. पूर्वीं प्रत्येक ठिकाणीं यंत्रांच्या नांवांची स्वतंत्र यादी असे, आणि दोन याद्या सहसा जुळत नसत. आतां एकच अधिकृत नांवनिशी केंद्रानें ठेवावी आणि इतरांनीं तिची नक्कल उतरून घ्यावी, असें ठरलें. नवें यंत्र जोडावयाचें झालें कीं केंद्रास कळवावयाचें. तें नांव पूर्वीं कोणी घेतलेलें नसेल तर त्याची नोंद होई. कोणाचें यंत्र, कोणाकडे चौकशी करावी, हें दुरून विचारतां यावें म्हणून 'हूइज' नांवाची सोयही केंद्रानें केली. अडलेल्यानें दूरध्वनि करावा आणि केंद्रांतील माणसांनीं वाट दाखवावी, हा नित्याचा परिपाठ होता. नांवाबद्दल कोणाकडून एक पैसाही घेतला जात नसे.

जाळें वाढलें तशी एक यादी पुरेना. १९८३ सालीं पॉल मोकापेट्रिस यांनीं नांवांची नवी पद्धति रचिली. तींत एकाच मोठ्या यादीऐवजीं प्रत्येक शाखेनें आपापलीं नांवें सांभाळावयाचीं होतीं. या शाखा कशा पाडाव्या, याच्या विचारांत फाइनलरबाईंच्या मंडळींचा मोठा वांटा होता. संस्था कोणत्या जातीची, यावर वर्ग पाडावे, ही सूचना त्यांची. शिक्षणसंस्थांस 'एज्यु', सरकारास 'गव्ह', सैन्यास 'मिल', व्यापारी मंडळ्यांस 'कॉम', आणि यांपैकीं कशांतच न बसणाऱ्या संस्थांस 'ऑर्ग'. मूळ यादीचा भार यामुळें हळूहळू उतरणार होता, म्हणजे स्वतःच्याच कामाचें महत्त्व कमी करणारी ही व्यवस्था. तरी तिची घडी बसविण्यांत केंद्रानें कसूर केली नाहीं. १९८५ च्या मार्चांत पहिलें 'कॉम' नांव नोंदलें गेलें. त्या काळीं या जाळ्यावर व्यापारास मज्जाव होता. त्या तीन अक्षरांत पुढें सोन्याची खाण निघेल, हें कोणाच्या स्वप्नींही नव्हतें.

१९८९ सालीं फाइनलरबाईंनीं संस्था सोडली. तेव्हां त्यांचा प्रकल्प १ कोटी १० लक्ष डॉलरांचा झाला होता. त्या पुढें नासाच्या एम्स केंद्रांत याच जातीच्या कामावर गेल्या. दोन वर्षांनीं नांवनिशीचें काम 'नेटवर्क सोल्युशन्स' या खाजगी कंपनीच्या हातीं गेलें. १९९५ पासून दर नांवास दोन वर्षांकरितां १०० डॉलर आकार बसला, आणि २००० सालीं ती कंपनी सुमारें २,१०० कोटी डॉलर किंमतीच्या शेअरांच्या मोबदल्यांत दुसऱ्या कंपनीनें घेतली. दप्तर तेंच, बदलली ती त्याकडे पाहण्याची दृष्टि. यांत बेकायदा कांहींच नव्हतें, आणि कोट्यवधि नांवांची व्यवस्था फुकट चालेल अशी अपेक्षाही कोणी करूं नये. परंतु जें सामायिक म्हणून उभें राहिलें, तें विक्रीची वस्तु किती सहज होतें, याचा तो धडा होता.

तो धडा पुढें उपयोगीं पडला. 'ऑर्ग' ही शाखा २००३ पासून 'पब्लिक इंटरेस्ट रजिस्ट्री' या ना-नफा संस्थेकडे आली होती. धर्मादाय संस्था, ग्रंथालयें, सेवामंडळें यांचा तो जणूं मोहल्लाच झाला होता. २०१९ च्या नोव्हेंबरांत ही संस्था एका खाजगी गुंतवणूक मंडळीस ११३ कोटी ५० लक्ष डॉलरांस विकण्याचा बेत जाहीर झाला. देशोदेशींच्या सेवाभावी संस्थांनीं त्याविरुद्ध आवाज उठविला, आणि नांवांच्या व्यवस्थेवर देखरेख करणाऱ्या 'आयकॅन' मंडळानें ३० एप्रिल २०२० रोजीं संमति नाकारली. सौदा मोडला.

फाइनलरबाईंचा गौरव उशिरां झाला. २०१२ सालीं इंटरनेटच्या मानकऱ्यांच्या पहिल्याच मालिकेंत त्यांची गणना झाली, आणि पुढच्या वर्षीं जॉन पोस्टेल यांच्या स्मरणार्थ दिलें जाणारें सेवापारितोषिक त्यांस मिळालें. त्यांच्या हातीं ना कंपनी आली, ना तिचे शेअर. त्यांच्यापाशीं होते ते कागद: याद्या, पत्रव्यवहार, टिपणें, त्या साऱ्या वर्षांचा लेखी संभार. तो त्यांनीं कॅलिफोर्नियांतील संगणक-इतिहासाच्या संग्रहालयास देऊन टाकिला, आणि स्वयंसेविका म्हणून तेथें कामही केलें. दप्तर राखणारानें जातांना करावयाचें शेवटचें काम म्हणजे तें पुरतें सोंपवून देणें. तेंही त्यांनीं केलें.