पाण्यानं फिरणारं जातं

केळापूरच्या आमच्या घरात दिवस उजाडायचा तो जात्याच्या घरघरीनं. आजी आणि आई समोरासमोर बसत, एकाच खुंट्याला दोघींचे हात, आणि ज्वारीचं पीठ भुरभुरत बाहेर पडे. गावात विजेची चक्की आली, तेव्हा आजी म्हणाली होती, “सुटले बाप्पा खांदे एकदाचे!”

दळणातून माणसाचे हात सुटावेत, ही इच्छा मात्र विजेहून फार जुनी. औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची, पाणचक्की पाहताना हे जाणवलं. खाम नदीकाठी, महमूद दरवाजाजवळ बाबा शाह मुसाफिर या सूफी संताचा दर्गा आहे. 17व्या शतकाच्या अखेरीपासून 18व्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत हा परिसर आकाराला आला. इथं येणाऱ्या फकिरांच्या, यात्रेकरूंच्या भाकरीचं पीठ या चक्कीवर निघे.

गंमत अशी, की नदी उशाला असूनही चक्की नदीच्या पाण्यावर चालत नाही. तिचं पाणी येतं हर्सूलच्या बाजूनं, काही किलोमीटरवरून, जमिनीखालच्या मातीच्या नळांतून. 1610 मध्ये मलिक अंबरनं खडकी वसवली आणि तिथं नहरींची परंपरा सुरू केली. ही नहर त्याच परंपरेतली. उगम उंचावर आणि नळ बंद, म्हणून पाणी स्वतःच्याच दाबानं उंच भिंतीवर चढतं आणि धबधब्यासारखं हौदात कोसळतं. चक्कीखाली आडवं चाक आहे. पात्यांवर पाण्याचा मारा बसला, की चाक फिरतं. त्याच्या उभ्या दांड्याबरोबर वरची तळीही फिरते. दंतचक्रं नाहीत, पट्टे नाहीत. हिमालयातले घराटही याच तत्त्वावर चालतात.

मी गेलो त्या दिवशी तळी फिरत होती. तोच आवाज! क्षणभर वाटलं, आत आजी बसली आहे.

पण शहर वाढलं, तसे जुन्या नहरींचे मार्ग बांधकामांखाली गेले, नळ फुटले, पाण्याचा जोर ओसरला. आपण तिकीट काढून बघतो ती दगडाची तळी. खरी चक्की मात्र पार उगमापासून सुरू होते आणि ती जमिनीखाली आहे. दगड जपणं सोपं असतं. आमचं जातंही परसात शाबूत आहे. जपायचं आहे ते त्याला फिरवणारं पाणी.