धंदेवाईक खेळाडू ते रणांगणावरील कप्तान

खेळ हा केवळ मनोविनोद आहे, त्याने संसार चालत नाही आणि देशाचे तर काहीच साधत नाही, हा समज आपल्या वडीलधाऱ्या मंडळींत पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. त्या समजास छेद देणारे एक चरित्र आम्ही प्रस्तुत लेखात ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहोत. चरित्रनायक हेडली व्हेरिटी हे इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्याचे. तथापि त्यांच्या आयुष्याचे धागे आपल्या भूमीशी एकाहून अधिक ठिकाणी गुंतलेले आहेत.

व्हेरिटी यांचा जन्म 18 मे 1905 रोजी लीड्स येथे झाला. यॉर्कशायर संघात त्यांचा प्रवेश उशिरा, म्हणजे वयाच्या पंचविसाव्या वर्षी, 1930 साली झाला. थोर डावखुरे गोलंदाज विल्फ्रेड ऱ्होड्स यांच्या निवृत्तीने मोकळी झालेली जागा त्यांनी अशी भरून काढली की पाहणारे थक्क झाले. 1932 च्या जुलैत नॉटिंगहॅमशायरविरुद्ध त्यांनी अवघ्या 10 धावा देऊन दहाच्या दहा गडी बाद केले. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये हा विक्रम आजतागायत अबाधित आहे. 1934 साली लॉर्ड्सच्या मैदानावर ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यांनी 104 धावांत 15 बळी मिळविले. त्यांपैकी 14 एकाच दिवशी! प्रत्यक्ष ब्रॅडमन यांस त्यांनी कसोटी सामन्यांत आठ वेळा बाद केले.

1933-34 च्या हिवाळ्यात जार्डिन यांच्या संघाबरोबर ते हिंदुस्थानात आले. मुंबईच्या जिमखाना मैदानावर आपल्या भूमीवरील पहिला कसोटी सामना झाला, तो याच दौऱ्यात. सी. के. नायडू आपले कप्तान होते आणि लाला अमरनाथ यांनी त्या सामन्यात शतक झळकाविले. पुढे मद्रासच्या कसोटीत मात्र व्हेरिटी यांनी 11 बळी घेऊन आपल्या फलंदाजांची दाणादाण उडविली. याच दौऱ्यात त्यांची ग्रीन हॉवर्ड्स या यॉर्कशायरच्या पलटणीतील शॉ नामक अधिकाऱ्याशी ओळख झाली. त्या ओळखीचे फळ काही वर्षांनी दिसावयाचे होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. त्या काळच्या इंग्लंडात खेळाडूंचेही दोन वर्ण होते. हौशी खेळाडू तो सभ्य गृहस्थ. खेळून वेतन घेणारा तो धंदेवाईक. कित्येक मैदानांवर दोघांची दारेदेखील निराळी असत. संघाचे नेतृत्व बहुधा हौशी गृहस्थाकडेच जाई; धंदेवाईकाची बुद्धी कितीही तल्लख असो. व्हेरिटी धंदेवाईक होते. जन्माने अथवा व्यवसायाने माणसाची पायरी ठरविण्याचा रोग केवळ आपल्याच देशात होता असे नव्हे, हे यावरून कळून येईल.

1938 साली म्युनिकच्या वेळी युरोपावर युद्धाचे ढग जमले, तेव्हा व्हेरिटी यांनी शॉ यांची भेट घेऊन आपण काय करावे असे विचारले. शॉ यांनी त्यांस युद्धशास्त्राचे ग्रंथ वाचावयास दिले. त्या हिवाळ्यात दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर असतानाही हा गोलंदाज त्या ग्रंथांचे अध्ययन करीत होता. 1 सप्टेंबर 1939 रोजी होव्ह येथे ससेक्सविरुद्ध त्यांनी 9 धावांत 7 बळी घेतले. तो त्यांचा प्रथम श्रेणीचा अखेरचा सामना होय. दोन दिवसांनी इंग्लंडने युद्ध पुकारले.

वय चौतीस, पदरी पत्नी व दोन मुले. सैन्यातील व्यायामशिक्षकाचे काम अनेक नामांकित खेळाडूंनी पत्करले, आणि ते कामही आवश्यकच होते. व्हेरिटी यांनी मात्र पायदळ निवडले. ग्रीन हॉवर्ड्समध्ये ते अधिकारी झाले आणि पुढे कप्तान होऊन एका कंपनीचे नेतृत्व त्यांजकडे आले. क्रिकेटने जे पद धंदेवाईकास सहसा दिले नाही, ते रणांगणाने त्यांस दिले.

1942 साली पलटणीबरोबर ते पुन्हा हिंदुस्थानात आले. त्याच वर्षी आपल्या देशात ‘छोडो भारत’चा घोष दुमदुमला. ते सैन्य आपल्या राज्यकर्त्यांचे होते, हे आम्हांस विसरता येत नाही, आणि त्या साम्राज्याचे गुणगान करण्याचाही आमचा हेतू नाही. परंतु नाझी सत्तेचा पाडाव होणे मानवजातीच्या हिताचे होते, यात शंका नाही. त्या कार्यास आपला देह वाहणाऱ्या माणसाचे मोल राज्यकर्त्यांच्या पापांवरून करणे न्यायाचे होणार नाही.

इराण, सीरिया व इजिप्त या मार्गाने पलटण सिसिलीत उतरली. 19 जुलै 1943 च्या रात्री कॅटानियाच्या मैदानात जर्मन ठाण्यांवर हल्ला करताना, पेटलेल्या शेतांमधून पुढे सरत असता, व्हेरिटी यांच्या छातीत गोळी लागली. तशाही स्थितीत त्यांनी आपल्या शिपायांस पुढे जाण्याचाच हुकूम दिला. ते शत्रूच्या हाती सापडले. इटलीतील कॅसेर्टा येथे 31 जुलै रोजी त्यांचे देहावसान झाले. वय अवघे अडतीस वर्षांचे. तेथील युद्ध-दफनभूमीत ते चिरविश्रांती घेत आहेत.

1952 साली इंग्लंडने प्रथमच एका धंदेवाईक खेळाडूस, यॉर्कशायरच्याच लेन हटन यांस, कसोटी संघाचे रीतसर कप्तान नेमले. तो पहिला सामना व्हेरिटी यांच्या जन्मग्रामी, लीड्स येथे झाला. आणि प्रतिपक्षाचे कप्तान होते आपल्या सांगलीचे विजय हजारे! हौशी आणि धंदेवाईक हा भेद इंग्लंडच्या क्रिकेटमधून 1963 साली कायमचा गेला.

आपल्या घरातील मूल मैदानावर रमले तर त्यास अडवू नये, एवढीच आमची ज्ञातिबांधवांस विनंती आहे. व्हेरिटी यांची चिकाटी, अभ्यास आणि शांत वृत्ती मैदानावरच तयार झाली होती. प्रसंग येताच ती देशाच्या कामी आली. मुलांवर असे संस्कार घडले तर खेळण्यात गेलेला वेळ वाया गेला, असे कोणत्या पालकास म्हणता येईल?