वालचंद हिराचंद

वालचंद हिराचंद दोशी (जन्म : सोलापूर, २३ नोव्हेंबर १८८२, मृत्यू : सिद्धपूर, गुजरात, ८ एप्रिल १९५३) हे भारतीय उद्योजक होते. सलोह काँक्रीटच्या ‘ह्यूम पाइप’चे भारतात औद्योगिक उत्पादन करणाऱ्या कंपनीचे ते संस्थापक होत.

प्रारंभिक जीवन

सोलापुरातील जैन व्यापारी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. कापूस व सावकारी हा घरचा व्यवसाय होता. तो सोडून त्यांनी रेल्वेतील माजी कारकून लक्ष्मणराव फाटक यांच्याशी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या बांधकामापासून ठेकेदारीस आरंभ केला.

ह्यूम पाइप

पाणीपुरवठ्यासाठी वापरले जाणारे लोखंडी नळ महाग पडत व गंजत. यावरील पर्याय वॉल्टर ह्यूम यांनी १९१० मध्ये ऑस्ट्रेलियात शोधला होता. या पद्धतीत पोलादी सळयांचा पिंजरा साच्यात बसवून साचा वेगाने फिरवतात. केंद्रोत्सारी प्रेरणेमुळे काँक्रीट साच्याच्या भिंतीवर दाबले जाते, जास्तीचे पाणी बाहेर पडते आणि नळ घट्ट व टिकाऊ होतो. असे नळ कॉलर नावाच्या काँक्रीटच्या कड्याने एकमेकांस जोडता येतात.

वालचंद यांनी १९२६ मध्ये इंडियन ह्यूम पाइप कंपनी स्थापन केली. हे नळ वजनदार असल्याने दूरवर वाहून नेणे खर्चिक ठरते. म्हणून कंपनीने निरनिराळ्या प्रदेशांत कारखाने उभारले. पाणीपुरवठा, सांडपाणी आणि रस्त्यांखालील नळकांडी पूल यांत या नळांचा वापर रूढ झाला. मूळ संशोधकाचे नाव मराठीत सामान्यनाम झाले असून, कोणत्याही उत्पादकाच्या सिमेंटच्या मोठ्या नळास आज ‘ह्यूम पाइप’ म्हणतात.

अन्य उद्योग

सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन (१९१९), हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन (१९२६), बंगळूरचा हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखाना (१९४०), विशाखापट्टणमची जहाजगोदी व प्रीमियर ऑटोमोबाइल्स (१९४४) यांच्या उभारणीत त्यांचा पुढाकार होता. विमान कारखाना व जहाजगोदी पुढे सरकारच्या ताब्यात गेल्या. ह्यूम पाइपचा उद्योग मात्र खासगी क्षेत्रातच राहिला.

वारसा

पुणे जिल्ह्यातील वालचंदनगर, सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय व सोलापूरची वालचंद तंत्रशिक्षण संस्था त्यांच्या नावाने ओळखल्या जातात. भारतीय टपाल खात्याने २००४ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.