हात धुवायला लावणं आणि हात धुवायला शिकवणं

'टीचर, हाथ तो साफ हैं!' दुसरीतल्या एका मुलाने दोन्ही तळवे माझ्यासमोर धरले. फळ्यावर मी नुकतंच मराठीत 'जंतू' आणि उर्दूत 'जरासीम' असं लिहिलं होतं. तळवे खरंच स्वच्छ दिसत होते. तरीही मी त्याला सगळ्यांसमोर रागावले आणि डब्याच्या सुट्टीत नळावर पाठवलं. दुसऱ्या दिवशी त्याने डबा उघडलाच नाही. हात मागे लपवून बसून राहिला.

माझं कुठे चुकलं, याचं उत्तर मला बीएडच्या नोट्समध्ये मिळालं नाही. ते खाडीपलीकडच्या मुंबईच्या इतिहासात मिळालं.

सप्टेंबर 1896 मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. 1897 च्या फेब्रुवारीत सरकारने साथरोग कायदा आणला. कोरोनाच्या काळात आपल्याकडे लागू झाला तो हाच. घरोघर झडत्या सुरू झाल्या. आजारी माणसाला उचलून नेऊ लागले, सामान जाळू लागले. पडदा पाळणाऱ्या घरांतही शिपाई शिरले. 9 मार्च 1898 रोजी मदनपुऱ्यात एका आजारी मुलीला न्यायला पथक आलं, तेव्हा तिथले मुस्लिम विणकर खवळले आणि शहरात दंगल पेटली. हे लोक अडाणी होते म्हणून चिडले, असं म्हणणं सोपं आहे. पण प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे तेव्हा झडती घेणाऱ्या साहेबांनाही ठाऊक नव्हतं. पॉल-लुई सिमाँ यांनी ते कराचीत दाखवलं, तेही त्याच 1898 साली.

याच साथीत दुसरी रीतही दिसते. डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस बनवली. 10 जानेवारी 1897 रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे विशीच्या आसपास असलेल्या तिसऱ्या आगाखानांनी आपल्या खोजा जमातीसमोर लस टोचून घेतली. लोक घाबरले होते, आणि त्यांचा माणूस आधी पुढे झाला.

प्लेग हात धुऊन टळत नाही, हे खरं. पण हात धुण्याचा इतिहासही हेच सांगतो. 1847 मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात डॉ. सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये बाळंतिणींच्या मृत्यूचं प्रमाण 18 टक्क्यांच्या आसपास होतं, ते जूनमध्ये 2 टक्क्यांवर आलं. तरी बहुतेक डॉक्टरांना ते पटलं नाही. 'तुमचे हात घाण आहेत' हे कुणाला ऐकवतं? मोठ्या डॉक्टरांना जे झोंबलं, ते सात वर्षांच्या पोराला झोंबणार नाही का?

मग मी धडा बदलला. स्वतःच्या तळव्यांना तेल-हळद चोळली आणि नुसत्या पाण्याने हात धुतले. पिवळेपणा तसाच राहिला. मग साबण लावून बोटांच्या बेचक्या घासल्या. मुलं वाकून बघत होती. आमच्या मुलांना वुजूमुळे मनगटापर्यंत हात धुवायची सवय घरातूनच असते. मी म्हटलं, वुजू नमाजसाठी, त्यात साबण लागत नाही. जेवणाआधी आणि संडासहून आल्यावर मात्र साबण हवाच. ज्यांच्या घरी नळाला तासभरच पाणी येतं, त्यांना तांब्याभर पाण्यात हात कसे धुवायचे तेही दाखवलं.

तो मुलगा मागे उभा होता. हळूच पुढे आला, माझी बोटं धरून निरखू लागला.

'टीचर, नाखून में हल्दी रह गई.'

मी पुन्हा साबण घेतला. या वेळी तोही माझ्याबरोबर हात धूत होता.