कास्टिंग सोसायटी ऑफ अमेरिका

चित्रपट, दूरचित्रवाणी व रंगभूमी यांतील भूमिकांसाठी नटनटींची निवड करणाऱ्या व्यावसायिकांची अमेरिकन संस्था. तिची स्थापना १९८२ मध्ये लॉस अँजेल्स येथे झाली. ‘आर्टिऑस’ या नावाची पारितोषिके ती १९८५ पासून देत आली आहे. सभासदत्व अमेरिकेबाहेर विस्तारल्यावर गेल्या काही वर्षांत नावातील देशवाचक शब्द गळून ‘कास्टिंग सोसायटी’ एवढेच नाव रूढ झाले. सभासदांच्या नावापुढे लावली जाणारी ‘सी. एस. ए.’ ही आद्याक्षरे मात्र कायम राहिली.

पात्रयोजना करणाऱ्यास व्यवहारात ‘कास्टिंग डायरेक्टर’ म्हणतात. प्रस्तुत नोंदीत त्यासाठी ‘पात्रयोजनाकार’ हा शब्द योजला आहे. पटकथा वाचून प्रत्येक भूमिकेचे वय, स्वभाव व बोली ठरविणे, तिला साजेशा नटांची यादी करणे, त्यांच्या चाचण्या घेणे आणि निवडक नावे दिग्दर्शक व निर्माता यांच्यापुढे ठेवणे, हे त्याचे काम होय. अखेरचा निर्णय त्याचा नसतो. या व्यवसायाच्या इतिहासातील बहुतेक वाद या एका गोष्टीतून उद्भवले आहेत. निवड चुकली, तर ती सर्वांच्या नजरेस येते. ती साधली, तर नट त्या भूमिकेसाठीच जन्मला होता असे प्रेक्षकास वाटते आणि निवडणाऱ्याची आठवणही होत नाही.

हॉलिवुडमधील मोठ्या चित्रनिर्मितिसंस्थांच्या भरभराटीच्या काळात हे काम कचेरीतील एका खात्याचे होते. नट दीर्घ मुदतीच्या, बहुधा सात वर्षांच्या, करारांनी संस्थेशी बांधलेले असत आणि खात्याचा प्रमुख हाताशी असलेल्या यादीतून नावे काढून देई. (पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीतही नट असेच पगारी नोकरीत असत.) गर्दीच्या दृश्यांतील माणसांची भरती करण्यासाठी १९२५ मध्ये ‘सेंट्रल कास्टिंग’ ही स्वतंत्र यंत्रणा उभारण्यात आली होती. पुढे ही व्यवस्था ढासळली. ऑलिव्हिया द हॅव्हिलंड या अभिनेत्रीने आपल्या कराराविरुद्ध केलेल्या दाव्याचा निकाल १९४४ मध्ये तिच्या बाजूने लागला आणि १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्मितिसंस्थांची चित्रपटगृहांवरील मालकी बेकायदेशीर ठरविली. करारबद्ध नटांचा ताफा बाळगणे परवडेनासे झाले. त्याच सुमारास दूरचित्रवाणीला दर आठवड्याला नवे चेहरे लागू लागले. स्वतंत्र पात्रयोजनाकार हा व्यावसायिक या दोन घटनांमधून निर्माण झाला.

या पिढीतील दोन व्यक्तींचा विशेष उल्लेख करावयास हवा. मॅरियन डॉअर्टी (१९२३–२०११) यांनी न्यूयॉर्कमध्ये ‘क्राफ्ट टेलिव्हिजन थिएटर’ या नाट्यमालिकेपासून सुरुवात केली. जेम्स डीनसारख्या नवोदितांना त्यांनी तेथे भूमिका दिल्या. शहरातील नाटके नेमाने पाहावयाची आणि प्रत्येक नटाविषयी एका पत्त्यावर टिपण लिहून ठेवावयाचे, ही त्यांची पद्धत होती. देखणेपणाच्या ठरीव साच्यात न बसणारे चेहरे त्यामुळे चित्रपटात येऊ शकले. जॉन व्हॉइट यांचे दूरचित्रवाणीवरील एक आरंभीचे काम फसलेले असताही डॉअर्टी यांनी मिडनाइट काउबॉय  (१९६९) या चित्रपटासाठी त्यांचे नाव आग्रहाने पुढे केले. त्या चित्रपटास सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले, पण त्याच्या श्रेयनामावलीत डॉअर्टी यांचे नाव नाही. स्वतंत्र पाटीवर नाव देण्यास नकार मिळाल्याने त्यांनी ते काढून घेतले होते. लीथल वेपन  (१९८७) या चित्रपटातील पोलीस अधिकाऱ्याच्या भूमिकेसाठी डॅनी ग्लोव्हर या कृष्णवर्णीय नटाचे नाव त्यांनीच सुचविले. ते पात्र कृष्णवर्णीय असल्याचा उल्लेख पटकथेत नव्हता. पण ते तसे नसल्याचाही नव्हता, हे त्यांच्या ध्यानात आले.

दुसरे लिन स्टॉलमास्टर (१९२७–२०२१). द टॉमस क्राउन अफेअर  (१९६८) या चित्रपटात त्यांचे नाव स्वतंत्र पाटीवर झळकले. पात्रयोजनेसाठी असा मान मिळण्याचा हा पहिला प्रसंग मानतात. सुपरमॅन  (१९७८) मधील नायकाच्या भूमिकेसाठी फारशा परिचित नसलेल्या क्रिस्तोफर रीव्ह यांचा पाठपुरावा त्यांनीच केला.

तथापि असे मान अपवादात्मक होते. श्रेयनामावलीतील स्थान प्रत्येक वेळी मागून घ्यावे लागे आणि पदनामही निर्वेध नव्हते. दिग्दर्शकांच्या संघटनेने निर्मात्यांशी केलेल्या करारानुसार ‘डायरेक्टर’ ही संज्ञा, छायाचित्रण वा कलादिग्दर्शन यांसारखे रूढ अपवाद सोडता, पडद्यावर इतरांस वापरता येत नाही. त्यामुळे व्यवहारातला कास्टिंग डायरेक्टर पडद्यावर ‘कास्टिंग बाय’ एवढ्याच शब्दांनी येतो. या क्षेत्रात स्त्रियांचे प्रमाण प्रथमपासून मोठे राहिले. ‘बायकांची उपजत पारख’ अशा शब्दांत त्यांच्या कामाची बोळवण होई, आणि उपजत गोष्टीसाठी कोणी वेगळा मोबदला देत नाही.

या पार्श्वभूमीवर १९८२ मध्ये माइक फेंटन प्रभृतींनी ही संस्था स्थापन केली. फेंटन (मृत्यू २०२०) यांच्या नावावर द गॉडफादर, भाग दोन  आणि ई. टी.  यांसारखे चित्रपट होते. छायाचित्रकारांची जुनी संस्था ज्याप्रमाणे सभासदास नावापुढे आद्याक्षरे लावण्याचा मान देते, तोच नमुना येथे स्वीकारण्यात आला. ही कामगार संघटना नव्हे. वेतनाविषयी वाटाघाटी करण्याचा अधिकार तिला नाही. कामाचा दर्जा व व्यावसायिक सचोटी यांचे निदर्शक म्हणून ती उभी राहिली आणि प्रतिष्ठा हेच तिचे साधन राहिले.

‘आर्टिऑस’ हा ग्रीक शब्द असून ‘यथायोग्य जुळलेला, परिपूर्ण’ असा त्याचा अर्थ आहे. नटाच्या गुणांपेक्षा त्याचे भूमिकेशी असलेले नाते तो नेमकेपणाने सुचवितो. चित्रपट, दूरचित्रवाणी व रंगभूमी यांसाठी स्वतंत्र विभाग असून चित्रपटांत खर्चाचे मान व प्रकार यांनुसार पोटविभाग केलेले असतात. भांडवल मोठे असले की प्रमुख नट बहुधा आधीच ठरलेला असतो, म्हणून ही विभागणी न्याय्य आहे. मतदान सभासद करतात. चाचण्यांच्या खोलीत काय घडले, याचा अंदाज त्यांनाच बांधता येतो; मात्र व्यवसायाने स्वतःलाच गौरविण्याची मर्यादाही त्यात आहे. होइट बॉवर्स, लिन स्टॉलमास्टर व मॅरियन डॉअर्टी यांच्या नावांनी विशेष सन्मान दिले जातात.

पारितोषिकांनी पोटाचा प्रश्न सुटला नाही. चित्रीकरणाच्या इतर शाखांतील कामगारांना निवृत्तिवेतन व आरोग्यविमा मिळत असताना पात्रयोजनाकार त्यांपासून वंचित होते. तो हक्क त्यांना टीमस्टर्स या मूळच्या वाहनचालकांच्या संघटनेत सामील झाल्यावर मिळाला. तिच्या हॉलिवुड व न्यूयॉर्क येथील शाखांना निर्मात्यांनी २००५ मध्ये मान्यता दिली. संस्था व संघटना यांची ही फारकत तेव्हापासून कायम आहे. सचोटीचा प्रश्नही उपस्थित झाला. नवोदित नटांकडून शुल्क घेऊन त्यांना पात्रयोजनाकारांसमोर उभे करणारे वर्ग लॉस अँजेल्समध्ये बोकाळले होते. नोकरीसाठी पैसे घेण्यास प्रतिबंध करणारा कायदा कॅलिफोर्नियाने २००९ मध्ये केला आणि २०१७ मध्ये अशा काही वर्गांवर फौजदारी खटले दाखल झाले.

ऑस्कर देणाऱ्या अकादमीने दीर्घकाळ अंतर राखले. डॉअर्टी यांना विशेष ऑस्कर द्यावे, यासाठी विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात नामवंत कलावंतांनी लिहिलेली पत्रे निष्फळ ठरली. निवडीचे श्रेय दिग्दर्शकापासून वेगळे काढता येत नाही, हा मुख्य आक्षेप होता. परंतु संकलन व छायाचित्रण यांनाही तो तितकाच लागू पडतो. अकादमीत पात्रयोजनेची स्वतंत्र शाखा २०१३ मध्ये झाली, २०१६ मध्ये स्टॉलमास्टर यांना सन्माननीय ऑस्कर मिळाले आणि २०१९ मध्ये डेव्हिड रूबिन हे या व्यवसायातील पहिले अध्यक्ष निवडून आले. ब्रिटिश अकादमीने २०२० मध्ये आपले पहिले पारितोषिक जोकर  या चित्रपटासाठी शेना मार्कोविट्झ यांना दिले. २०२५ मध्ये प्रदर्शित झालेल्या चित्रपटांपासून पात्रयोजनेसाठी स्वतंत्र ऑस्कर देण्याचा निर्णय अमेरिकन अकादमीने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केला.

भारतात हा व्यवसाय प्रथम परदेशी निर्मितीच्या निमित्ताने ठळक झाला. सोसायटी स्थापन झाली त्याच वर्षी पडद्यावर आलेल्या गांधी  या चित्रपटाची भारतातील पात्रयोजना मुंबईच्या डॉली ठाकोर यांनी केली. त्यात कस्तुरबांची भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी केली होती. बँडिट क्वीन  (१९९४) साठी तिग्मांशू धुलिया यांनी, तर गँग्ज ऑफ वासेपूर  (२०१२) साठी मुकेश छाबडा यांनी हे काम पाहिले. स्लमडॉग मिल्यनेअर  (२००८) च्या पात्रयोजनाकार लवलीन टंडन यांचा श्रेयनामावलीत सहदिग्दर्शक म्हणूनही निर्देश आहे.